एक मिनिट मोजा

शिरपूर जैनमध्ये रात्री दोनच्या सुमाराला दीड वर्षाचं मूल तापाने फणफणलं, की घरच्यांपुढचा पहिला प्रश्न 'झालं काय' हा नसतो. 'न्यायचं कुठं' हा असतो. गाव वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभरातल्या जैन भाविकांना ते ठाऊक आहे. आजार वाढला तर इथून आधी मालेगाव, मग वाशीमचं जिल्हा रुग्णालय, आणि अतिदक्षता विभागाची गरज पडली तर अनेकदा थेट अकोला, असा पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, हे चांगलंच झालं. तरी पावसाळ्यातली रात्र, गाडीची जुळवाजुळव आणि घरातल्यांची 'सकाळपर्यंत पाहू' ही सूचना, यांत जाणारा वेळ इमारत बांधून वाचत नाही.

तो वेळ वाचतो ओळखण्याने. लहान मुलांच्या संसर्गात पहिल्या तासाभरात जंतूचं नाव कळण्यापेक्षा मुलाची अवस्था कळणं जास्त मोलाचं असतं. न्यूमोनिया जिवाणूमुळे की विषाणूमुळे, जुलाब रोटाव्हायरसचे की कॉलऱ्याचे, हे पुढे प्रयोगशाळा सांगेल किंवा कधीच सांगणार नाही. हे मूल धोक्यात आहे का, हे मात्र आई, आशाताई, परिचारिका आणि डॉक्टर या चौघांनाही त्याच क्षणी ठरवता येतं. त्यासाठी डोळे, हात आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ पुरतं. याचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्या विदर्भातच तयार झाला.

गडचिरोलीचे मणी

त्याचा पाया मात्र दूर घातला गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांची बारकाईने पाहणी केली. एक्स-रे नसताना न्यूमोनिया कसा ओळखायचा, हा त्यांचा प्रश्न होता. स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा श्वासाचा वेग आणि छातीचं आत ओढलं जाणं या दोन खुणा जास्त भरवशाच्या ठरल्या. फुप्फुसाचा काही भाग सुजून घट्ट झाला की प्रत्येक श्वासात हवा कमी मिळते. ती तूट मूल श्वासांची संख्या वाढवून भरून काढतं. संख्या वाढवूनही भागेना, की बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात. म्हणून श्वासांची संख्या हे न्यूमोनियाचं घरात मोजता येईल असं माप आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. दोन वर्षांनी त्यांनी हेच माप गावात नेलं. ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखायला व तोंडाने घ्यायचं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. अडचण अशी की सुइणींपैकी अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यावर एक साधं उपकरण बनलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि चौकटीत ओवलेले मणी. वाळू सोडायची, बाळाच्या पोटाकडे पाहायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, तांबडा मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षर न कळणाऱ्या बाईच्या हाती रोगनिदान आलं.

या प्रयोगाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कार्यक्रमाच्या गावांत पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. गावातच उपचार मिळालेल्या मुलांपैकी शंभरात एकही पुरता दगावत नव्हता. उपचार न पोचलेल्या भागात न्यूमोनिया झालेल्या शंभरांतली तेरा-चौदा मुलं जात होती. औषध तेव्हाही स्वस्त होतं, दुकानात मिळत होतं. वेळेवर ओळखणारं माणूस गावात नव्हतं, ते आलं. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातले विकासात मागे राहिलेले 'आकांक्षित' जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोलीसोबत वाशीमही होतं. म्हणून गडचिरोलीत जे साधलं ते शिरपूरला परकं नाही.

पहिले चार प्रश्न

पाच वर्षांखालचं कोणतंही आजारी मूल समोर आलं, की खोकला किती दिवसांचा, जुलाब किती वेळा, याआधी चार गोष्टी पाहायच्या. मूल पाणी किंवा दूध पिऊ शकतं का? घेतलेलं सगळंच उलटून टाकतंय का? या आजारात त्याला झटका आला का? ते सुस्त पडलंय का, हाक मारली, चिमटा घेतला तरी नीट जागं होत नाही का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर चिंतेचं आलं, तर निदानाची वाट पाहायची नाही. मूल रुग्णालयात न्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आणि आपल्याकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ही धोक्याची लक्षणं म्हणून शिकवतात.

आईला हे प्रश्न तिच्या भाषेत विचारले पाहिजेत. 'फीडिंग कसं आहे' असं विचारलं की ती 'ठीक' म्हणते. 'छातीला लावलं तर ओढतो का, की तोंडात धरून सोडून देतो?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. तिने 'पोरगं आज कसंतरीच करून राह्यलं' असं म्हटलं, तर ते वाक्यही लक्षण म्हणूनच ऐकायचं. रोजचं मूल आणि आजचं मूल यांतला फरक तिच्याइतका कुणालाच दिसत नाही.

रुग्णालयाच्या दारातही हाच क्रम पाळावा लागतो. मलावीमधल्या ब्लँटायर शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉ. एलिझाबेथ मॉलिनो यांनी २००१ च्या सुमारास बालरुग्णांच्या रांगेची पद्धत बदलली. जो आधी आला तो आधी, हे थांबवलं. दारातच प्रत्येक मुलाकडे नजर टाकून अत्यवस्थ, लवकर पाहायचं आणि थांबू शकणारं, असे तीन गट केले. अत्यवस्थ मुलाचे उपचार केसपेपरच्या आधी सुरू व्हायला लागले. आधी भरती झालेल्या मुलांत दहा ते अठरा टक्के मृत्यू होत. नंतर ते सहा ते आठ टक्क्यांवर आले. रुग्णांची गर्दी तशीच होती. पाहण्याचा क्रम बदलला होता.

आपल्याकडच्या सोमवारच्या बाह्यरुग्ण विभागात, बाजाराच्या दिवशी ओसंडणाऱ्या ओसरीत, हे काम एक सजग परिचारिका करू शकते. रांगेच्या शेवटी खांद्यावर मान टाकून पडलेलं, न रडणारं मूल तिला दिसलं पाहिजे. मोठ्याने रडणाऱ्या मुलाला निदान श्वास आणि ताकद आहे. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं.

खोकला आणि दम

"रातीपासून दूध नाही पेऊन राह्यला, मॅडम. सुई देऊन द्या ना एक."

"पाहू, ताई. आधी त्याचा सदरा वर कर आन् मांडीवर तसाच घेऊन बस. रडवू नको. मिनिटभर पाहू दे मले."

या मिनिटभरात काय पाहायचं ते तपशिलाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मूल शांत हवं. रडताना किंवा दूध ओढताना मोजलेली संख्या धरायची नाही. उजेड पोटावर पडायला हवा. पोट किंवा छातीवरचा एकच ठिपका धरून ठेवायचा. तो वर येऊन खाली गेला की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचं नाही, कारण लहान मुलाचा श्वास सारख्या लयीत चालत नाही. पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, हे वेगवान श्वास. अगदी तान्ह्या बाळात साठच्या वर आले तर एकदा पुन्हा मोजायचं.

मग छातीचा खालचा भाग पाहायचा. निरोगी मूल श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, तर फुप्फुसावर ताण आहे. घरातली माणसं याला 'पोट उडतंय' म्हणतात आणि बहुधा बरोबर सांगतात. नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर पडणं या त्यापुढच्या पायऱ्या. केंद्रात पल्स ऑक्सिमीटर असेल तर तो बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला लावायचा. ऑक्सिजनचं प्रमाण नव्वद टक्क्यांखाली असेल तर ऑक्सिजन लगेच लावायचा आणि लावूनच पुढे पाठवायचं. त्या मुलासाठी ऑक्सिजन हे प्रतिजैविकाइतकंच औषध आहे.

वेगवान श्वास आहे, पण धोक्याचं लक्षण नाही, मूल पितंय, खेळतंय, तर बहुतेक वेळा तोंडाने घ्यायचं अमॉक्सिसिलिन पुरतं. दोन दिवसांनी मूल पुन्हा दाखवायचं, हे आईकडून वदवून घ्यायचं. धोक्याचं लक्षण असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊनच रुग्णवाहिकेत बसवायचं. वाशीम किंवा अकोल्याला पोचेपर्यंतचे तास वाया जाऊ द्यायचे नाहीत. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी करण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'सांस' मोहीम सुरू केली, तिचा गाभाही हाच.

खोकणाऱ्या बहुसंख्य मुलांना न्यूमोनिया नसतोच. नाक वाहतंय, श्वासाची संख्या ठीक आहे, मूल हसतंय, तर तो विषाणूचा सर्दीखोकला. प्रतिजैविकाचा त्यात काही उपयोग नाही. वर्षाच्या आतल्या बाळांना थंडीत होणारा ब्रॉन्किओलायटिसही विषाणूचाच. त्यात नाक मोकळं ठेवणं, थोडंथोडं पाजत राहणं आणि लागला तर ऑक्सिजन, हाच खरा उपचार. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास घेताना घशातून घरघर असेल तर तो क्रूप. त्यात स्टिरॉइडचा एक डोस मोठा आराम देतो. मात्र अशा मुलाच्या तोंडात चमचा घालून घसा पाहायचा नाही. घाबरून रडलं तर श्वास आणखी अडतो.

आणि खोकल्याची बाटली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे वापरू नयेत. ज्या आजारासाठी ही बाटली दिली जाते तो आजार तिच्यामुळे बरा होत नाही. हे प्रत्येक औषधदुकानदाराने आणि प्रत्येक आजीने मनावर घ्यावं.

जुलाब आणि सलाईन

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि पाजत राहायला सांगितलं. जिथे तीस टक्क्यांच्या घरात माणसं मरत होती तिथे मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा तिच्यासोबत मीठ आणि पाणीही ओढलं जातं, आणि जुलाब सुरू असतानाही हे काम चालू राहतं. ओआरएसचं शास्त्र एवढंच आहे. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज ओआरएसचं पाकीट अंगणवाडीत मोफत मिळतं, तरीही जुलाब झालेल्या मुलाला घेऊन लोक विचारतात, 'सलाईन लावता का?'

त्यामुळे किती पाणी गेलंय ते पाहायला शिकलं पाहिजे. डोळे खोल गेलेत का? मूल चिडचिडं होऊन पाण्यासाठी झडप घालतंय, की आता पिण्याचंही त्राण नाही? पोटावर बेंबीच्या बाजूची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलून सोडा. लगेच सपाट झाली तर बरं. हळू गेली तर पाणी कमी पडतंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, तर मूल गंभीर आहे.

पाणी कमी पडायला लागलेलं, पण पिऊ शकणारं मूल असेल, तर वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत, चमच्याचमच्याने. आठ किलोच्या मुलाला म्हणजे ६०० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अधिक सावकाश. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि फायद्याऐवजी अपाय होतो. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस: सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १० मिलिग्रॅम. आईचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. शौचातून रक्त पडत असेल तर मात्र प्रतिजैविक लागतं, दवाखाना गाठायचा.

घडी विरत नाही, मूल सुस्त, पिऊ शकत नाही, अशा वेळी सलाईन हाच जीव वाचवणारा उपचार, आणि तो घाईनेच करायचा: दर किलोला १०० मिलिलिटर, वर्षाच्या आतल्या बाळाला सहा तासांत, त्यापुढे तीन तासांत, त्यातला पहिला ३० मिलिलिटरचा हिस्सा जास्त वेगाने.

पण सलाईनचा हा नियम जुलाबापुरता आहे. युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ तापाच्या अत्यवस्थ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. हातपाय गार पडलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या या मुलांना जुलाबाचा आजार नव्हता. त्यांतल्या काहींना भरभर सलाईन दिलं, काहींना फक्त गरजेपुरतं. २०११ मध्ये निकाल आला: भरभर सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत साडेदहा टक्के मुलं गेली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. तापाने आणि संसर्गाने थकलेल्या हृदय-फुप्फुसांवर पाण्याचा लोंढा आदळला की मूल बुडू शकतं. 'सलाईन लावली म्हणजे मूल बरं होणार' ही समजूत म्हणूनच धोक्याची. सलाईन हे औषध आहे. कुणाला, किती आणि किती वेगाने, हे पाहूनच द्यायचं.

ताप आणि झटका

ताप आला म्हणजे शरीर जंतूशी झगडतंय. मुलाला गोधडीत गुंडाळायचं नाही. पातळ कपडे, भरपूर पाणी, आणि मूल बेचैन असेल तर पॅरासिटामॉल. डोस वजनावर ठरतो: दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. इथे बाटलीचं लेबल वाचणं फार गरजेचं आहे. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असेल तर ते दीड मिलिलिटर झालं. पाच मिलिलिटरमध्ये १२५ असलेल्या सिरपचे सहा मिलिलिटर, आणि पाच मिलिलिटरमध्ये २५० असलेल्याचे फक्त तीन. थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर पाजलं, तर त्या मुलाला तिपटीहून जास्त डोस जातो. डेंग्यूची शंका असताना पॅरासिटामॉलखेरीज दुसरं तापाचं किंवा अंगदुखीचं औषध द्यायचं नाही. काही औषधांनी रक्तस्राव वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. ताप उतरायच्या सुमारालाच पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती ही लक्षणं आली तर खरा धोका तेव्हाच सुरू होतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव उडतो, पण असे बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात. मुलाला कुशीवर वळवायचं, मान मोकळी ठेवायची, घड्याळ पाहायचं. दातांत चमचा घालायचा नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर तो औषधाने थांबवावा लागतो. नाकात फवारायचं मिडाझोलाम त्यासाठी उपयोगी पडतं. झटक्यानंतर तासाभरात मूल ओळखायला लागलं, बोललं, तर दिलासा. पण ते शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, बाळाची टाळू फुगलेली असेल, तर मेंदूज्वराचा विचार लगेच करायचा.

विदर्भात हा विचार जास्तच गांभीर्याने करायला हवा. १९६५ मध्ये नागपूर परिसरातल्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. गावाचंच नाव त्याला मिळालं. वालूमाशी चावल्याने तो पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुलांना गाठलं आणि त्यांतली १८३ गेली; विदर्भातही मुलं आजारी पडली. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापतं, रात्री झटके येतात आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध, इतका त्याचा वेग. त्यावर खास औषध नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवणं, झटके थांबवणं, रक्तातली साखर तपासून भरून काढणं, मेंदूची सूज उतरवणं एवढंच हातात असतं, आणि तेवढ्यानेही मुलं वाचतात. पण त्यासाठी मूल वेळेत पोचावं लागतं. तसाच स्क्रब टायफस: २०१८ मध्ये नागपूर भागात त्याने माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणाऱ्या या तापात काखेत, जांघेत किंवा कानामागे काळी खपली दिसू शकते. म्हणून आठवडाभर न उतरणाऱ्या तापाच्या मुलाचे सगळे कपडे उतरवून नखशिखांत पाहायचं. खपली सापडली तर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध पुरेसं ठरतं.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ

या वयात नियम कडक होतात, कारण बाळाकडे खुणा फार कमी असतात. दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा तापलं, हातपाय लुळे वाटले, श्वास साठच्या वर गेला, बेंबीभोवती लाली पसरली, तर तो जंतुसंसर्ग रक्तात पोचलाय असं समजूनच वागायचं. इथे 'सकाळपर्यंत पाहू' अजिबात नाही. पोट फुगलं म्हणून मेळघाटात तापवलेल्या विळ्याने पोटावर चटके दिले जातात. त्याला 'डंबा' म्हणतात. त्याने आजार हटत नाही, जखमेतून नवा संसर्ग शिरतो आणि दिवस वाया जातात. त्या आईला दोष देऊन भागत नाही. तिच्या दाराशी दुसरा आधार उभा करावा लागतो.

तोही आधार गडचिरोलीत उभा राहिला. १९९५ पासून ३९ गावांत 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलेल्या गावातल्याच बायका नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, बाळाला ऊब आणि दूध मिळतंय का हे पाहू लागल्या आणि संसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने घ्यायचं औषध देऊ लागल्या. तिथे दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले, असं १९९९ च्या अहवालात नोंदवलंय. त्याच पायावर २०११ मध्ये केंद्र सरकारने आशाताईंच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या: बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

कुपोषित मुलाच्या बाबतीतही असंच सावध राहायचं. त्याच्या अंगात ताप चढवण्याचंही बळ नसतं. न्यूमोनिया असूनही अनेकदा छाती आत ओढली जात नाही. अशा मुलाचं अंग गार लागलं, ते निपचित पडलं, तर आधी साखर-पाणी आणि ऊब द्यायची आणि लगेच रुग्णालय गाठायचं.

गावाने काय मागावं

या आजारांपैकी अनेक दारातच अडवता येतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या हिब जंतूविरुद्धचं संरक्षण आहे. न्यूमोकोकल लस २०२१ मध्ये देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली. रोटाव्हायरसचे थेंबही त्याच कार्यक्रमात मिळतात. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस चुकू नयेत, कारण गोवरानंतर न्यूमोनिया आणि जुलाब पाठोपाठ येतात. सोयाबीनच्या निंदणाच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून लसीचा दिवस हुकतो, हे खरं आहे. म्हणून त्या आठवड्यांत लसीकरणाची वेळ सकाळी लवकर ठेवायला गावानेच सांगावं.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. शिरपूर असो की आसपासची वाडीवस्ती, तिच्या पुढच्या बैठकीत काही साधे प्रश्न विचारता येतात. जवळच्या आरोग्य केंद्रात लहान मुलाच्या बोटाला बसणारा ऑक्सिमीटर चालू आहे का? ऑक्सिजन आणि मुलांच्या मापाचे मास्क आहेत का? आशाताईच्या पिशवीत ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल आणि अमॉक्सिसिलिन आहे का, त्यांची मुदत संपलेली नाही ना? रात्री १०८ ला फोन लावल्यावर गाडी कुठून येते आणि कुठल्या वळणावर थांबते, हे घराघरात ठाऊक आहे का? केंद्रातून पुढे पाठवताना मुलासोबत दिलेल्या औषधाची चिठ्ठी जाते का?

या प्रश्नांची उत्तरं मिळवायला डॉक्टर असावं लागत नाही. श्वास मोजायलाही लागत नाही. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींना एका तासात हे शिकवता येतं, आणि धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असतात. बाळाच्या पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजणं, आणि आकडा जास्त आला तर घरातल्या मोठ्यांना न घाबरता 'आत्ताच नेऊ' म्हणणं, हे दोन धडे प्रत्येक घरात एकाला जरी आले, तरी अकोल्याच्या रस्त्यावर हरणारी कितीतरी मुलं मालेगावातच बरी होऊन घरी परततील.